कणाची जबानी

सिरोंच्याला प्राणहितेचा घाट उतरून माणूस पात्रात आला, की पाण्यापाशी पोहोचण्यापूर्वी त्याला बराच वेळ वाळूतून चालावे लागते. आणि पौषातल्या वद्य पक्षात, दिवसभर तापलेली ती वाळू पायांखाली निवत चालली असताना, पैलतीरावरच्या तेलंगणातील झाडीची रेघ काळी पडत असताना आणि गावातले दिवे पाठीमागे उंचावर राहिलेले असताना, डोक्यावर जे आकाश उघडते, तसे आकाश नागपूर-पुण्याच्या रहिवाशाला आता केवळ आठवणीतच पाहावे लागते. २०२५ च्या जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मी तेथे उभा होतो. पश्चिमेला शुक्र इतका तेजस्वी होता, की ओल्या वाळूवर त्याची फिकट तिरीप पडल्याचा भास व्हावा. आणि त्याच्या अगदी निकट, मंद, पिवळसर, न लुकलुकणारा असा शनी होता. नागपूरहून आणलेली लहानशी दुर्बीण तिपाईवर बसवून मी ती शनीकडे वळवली, तेव्हा घाटावर स्नानाला, धुण्याला, किंवा नुसते वारा खायला आलेली पंधरा-वीस माणसे भोवती जमली. त्यांच्यात तेलुगू, मराठी आणि गोंडी अशा तिन्ही भाषांतून एकाच वेळी विचारपूस सुरू झाली.

त्या वर्षी शनीची कडी पृथ्वीच्या दृष्टिरेषेत जवळजवळ आडवी आली होती. मार्चच्या २३ तारखेला तर ती पूर्णपणे कडेवर येऊन दिसेनाशी होणार होती. त्यामुळे चित्रातल्या टोपीसारख्या रुंद कड्याऐवजी दुर्बिणीत दिसत होती ती एका लहानशा पिवळ्या मण्यातून आरपार गेलेली बारीक सुई. एका वृद्ध गृहस्थांनी बराच वेळ डोळा लावून ते दृश्य पाहिले. मग ते सावकाश म्हणाले, "साडेसातीवाला तो हाच का, सर?" मी होय म्हटले. पुन्हा थोडा वेळ पाहून त्यांनी विचारले, "आणि त्याचं ते कडं, ते कशाचं हो?" बर्फाचे आणि धुळीचे आहे, असे मी सांगितले. त्यावर ते दुर्बिणीपासून दूर झाले, माझ्याकडे वळले आणि अत्यंत सरळपणे त्यांनी विचारले, "तिथे जाऊन कोणी हात लावून पाहिलं?"

हा प्रश्न लोकांच्या तोंडी सहसा येत नाही, पण तोच खरा प्रश्न आहे. ज्या ठिकाणाहून तो विचारला गेला, तेथे शनीविषयीचे कुतूहल नवे नाही. घाटावरून दक्षिणेकडे पाहिले, की गोदावरीच्या पलीकडे काळेश्वर आहे. तेथील गाभाऱ्यात एकाच शाळुंकेत दोन लिंगे आहेत, एक मुक्तेश्वराचे आणि दुसरे यमाचे. यम आणि शनी हे दोघे सूर्यपुत्र, म्हणजे नात्याने भाऊ. प्राणहितेचा पुष्कर मेळाही ग्रहाच्या गतीवरच ठरतो: गुरू मीन राशीत आला, की बारा वर्षांतून एकदा या वाळूवर लाखोंची यात्रा भरते, मागची यात्रा एप्रिल २०२२ मध्ये भरली होती. ज्या भूमीने ग्रहाच्या पावलांवर आपले पंचांग आखले, तिच्या काठावर बसून त्याच ग्रहमालिकेतल्या धुळीची विचारपूस करावी, यात मला विसंगत असे काही वाटले नाही.

आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी त्यांच्या पायाखालच्या वाळूकडे वळावे लागेल, कारण मला स्वतःला ते उत्तर तिच्यावाचून नीट उमगले नसते.

सिरोंचा हे गडचिरोली जिल्ह्याचे दक्षिण टोक. जिल्ह्याच्या मुख्य ठाण्यापासून सुमारे दोनशे किलोमीटर दूर, आलापल्लीच्या सागवानी अरण्यातून जाणाऱ्या रस्त्याच्या अखेरीस. आज ते एका तालुक्याचे गाव असले, तरी १८६० साली निजामाकडून गोदावरीच्या डाव्या तीराचा मुलूख इंग्रजांकडे आल्यावर 'अपर गोदावरी' नावाचा एक स्वतंत्र जिल्हाच येथे स्थापन झाला होता आणि त्याची कचेरी सिरोंच्यात होती. वऱ्हाडचा कापूस गोदावरीतून नावांनी समुद्रापर्यंत न्यावा, असा बेत त्या काळी आखण्यात आला. धोंडे फोडण्यात, बांध घालण्यात अमाप पैसा खर्च झाला आणि अखेरीस तो बेत सोडून द्यावा लागला. १८७४ साली जिल्हा मोडला आणि सिरोंचा चांद्याला जोडले गेले. त्या बेताची मोजणी करणाऱ्यांनी नदीचे पाणी मोजले, खडक मोजले. वाळूचा विचार मात्र अडथळा म्हणूनच झाला असावा.

वास्तविक ही वाळू म्हणजे एक दफ्तर आहे. प्राणहिता ही वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमातून जन्मते. वर्धा बैतूल जिल्ह्यात मुलताईपाशी निघते आणि विदर्भातल्या काळ्या पाषाणातून, म्हणजे लाव्ह्याच्या थरांतून वाहत येते. वैनगंगा सिवनीकडे उगम पावते आणि भंडाऱ्या-चांद्याच्या अतिप्राचीन ग्रॅनाइटी खडकांवरून येते. दोघी आपापल्या वाटेवरचे खडक खरवडतात, दळतात, आणि सिरोंच्याच्या काठावर ते सारे एकत्र आणून टाकतात. मूठभर वाळू तळहातावर घेऊन भिंगाखाली धरली, तर पारदर्शक गारेचे कण, गुलाबी छटेचे कण, अभ्रकाचे चकाकते पापुद्रे आणि काजळासारखे काळे दाणे असे वेगवेगळे साक्षीदार एकमेकांना खेटून बसलेले दिसतात. ज्याने मुलताई पाहिली नाही आणि सिवनी पाहिली नाही, पण ज्याला कणांची भाषा येते, तो येथेच बसून सांगू शकेल, की वरच्या अंगाला कोठेतरी लाव्ह्याचे पठार आहे आणि कोठेतरी ग्रॅनाइटाचा जुना प्रदेश आहे. घाटावरचा एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा दोऱ्याला बांधलेले लोहचुंबक वाळूतून ओढत फिरत होता. चुंबकाला काळ्या कणांची दाट मिशी फुटली होती आणि ती तो बोटाने ओरबाडून एका काचेच्या बाटलीत भरत होता. कशासाठी, असे विचारल्यावर तो म्हणाला, "असंच." त्या बाटलीत निम्म्यापर्यंत वैनगंगा आणि वर्धा यांच्या खोऱ्यांचा इतिहास जमला होता.

शनीच्या बाबतीत नेमके हेच करण्यात आले.

कॅसिनी हे यान १५ ऑक्टोबर १९९७ रोजी पृथ्वीवरून निघाले, १ जुलै २००४ रोजी शनीपाशी पोहोचले आणि १५ सप्टेंबर २०१७ रोजी शनीच्याच वातावरणात शिरून नष्ट झाले. त्याने काढलेली छायाचित्रे जगभर पोहोचली. त्याच्या अंगावर बसवलेल्या एका डबड्याची कीर्ती मात्र तज्ज्ञांपुरतीच राहिली. हायडेलबर्गच्या माक्स प्लांक संस्थेत सिद्ध झालेले, आरंभी एबरहार्ड ग्र्यून आणि पुढे राल्फ स्रामा यांच्या देखरेखीखाली चाललेले ते धूलि-विश्लेषक यंत्र म्हणजे तोंड उघडे असलेली एक बादली होती. बादलीच्या तळाशी सोन्याचा मुलामा होता आणि मधोमध, सुमारे सोळा सेंटिमीटर व्यासाची, ऱ्होडियम या दुर्मीळ धातूची एक वाटी होती. ऱ्होडियम यासाठी, की अवकाशातल्या धुळीत तो जवळजवळ आढळत नाही. तेव्हा साक्षीदाराच्या तोंडी तो शब्द आला, तर तो त्याचा नसून न्यायासनाचाच आहे, हे ताबडतोब कळते.

आता तो साक्षीदार कसा बोलतो ते पाहा. केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्शाइतका, किंवा त्याहूनही लहान असा एक कण, सेकंदाला पाच, दहा, पंधरा किलोमीटर अशा वेगाने येऊन त्या वाटीवर आदळतो. त्या आघाताने त्याचा कणभरही अवशेष उरत नाही. त्याची वाफ होते आणि त्या वाफेतले काही अणू-रेणू विद्युतभारित होतात. वाटीसमोर तीन मिलिमीटरांवर एक जाळी आहे आणि दोहोंमध्ये सुमारे हजार व्होल्टचा दाब आहे. त्या दाबाने हे भारित कण पुढे फेकले जातात आणि धावू लागतात. सर्वांना धक्का सारखाच मिळाला, पण जो हलका तो आधी पोहोचतो, जो जड तो मागाहून. हायड्रोजन सर्वांत आधी, मग कार्बन, मग सोडियम, आणि ऱ्होडियम पुष्कळ मागे. सेकंदाच्या काही दशलक्षांश भागात ही शर्यत संपते आणि कोण कधी आले याची नोंद कागदावरच्या शिखरांसारखी उमटते. कणाचा नाश हीच त्याची जबानी. दुसऱ्यांदा ती घेता येत नाही.

अशा लाखो जबान्या तेरा वर्षांत घेतल्या गेल्या. त्यांतली पुष्कळशी एकाच ठिकाणची होती: शनीच्या बाहेरच्या अंगाला लक्षावधी किलोमीटर रुंद पसरलेल्या, अतिशय विरळ अशा 'ई' नावाच्या कड्यातली. हे कडे आपल्या नजरेला दिसणाऱ्या कड्यासारखे नव्हे. ते धुक्यासारखे आहे, आणि त्याचे कण कायमचे तग धरू शकत नाहीत. तेव्हा कोणीतरी ते सतत पुरवत असले पाहिजे, असा तर्क होता. २००५ साली पुरवठादार सापडला. एन्सेलाडस नावाचा अवघा पाचशे किलोमीटर व्यासाचा, शुभ्र, बर्फाच्छादित उपग्रह. त्याच्या दक्षिण ध्रुवापाशी चार लांब भेगा आहेत आणि त्यांतून पाण्याची वाफ व बर्फाचे कण अवकाशात उसळतात. एवढे कळले, तरी मूळ प्रश्न तसाच होता: बर्फाच्या त्या कवचाखाली द्रव पाणी आहे की नाही, असेल तर ते कशासारखे आहे? तेथे उतरणे अशक्य, छिद्र पाडणे अशक्य. उरले ते फक्त कण.

बर्फाच्या कणाची नोंद कशी दिसते हे मला फार लोभस वाटते. एका भारित पाण्याच्या रेणूचे वजन १९, त्याला आणखी एक रेणू बिलगला की ३७, आणखी एक की ५५; म्हणजे अठरा-अठराच्या पायऱ्यांचा एक जिना. बहुतेक कणांनी हाच जिना दाखवला: शुद्ध पाणी. पण फ्रांक पोस्टबेर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांना शंभरातल्या सुमारे सहा कणांत निराळाच जिना दिसला: २३, मग ६३, म्हणजे चाळीसची पायरी; सोडियम आणि त्याला बिलगलेला सोडियम हायड्रॉक्साइड. वजनाने अर्धा ते दोन टक्के मीठ. २००९ साली हे प्रसिद्ध झाले आणि त्यातून जे निघाले त्यास दुसरा अर्थ लावणे कठीण होते. वाफ थिजून झालेल्या बर्फात मीठ येत नाही; मिठासह गोठायला खारे पाणीच लागते, आणि पाण्यात मीठ यायचे तर ते खडकाला लागून असले पाहिजे. एका कणाच्या खारटपणावरून समुद्र सिद्ध झाला, आणि त्याच्या तळाशी खडक आहे हेही. पुढे २०२३ साली त्याच गटाने ३४५ कणांच्या नोंदी तपासल्या. त्यांतल्या नऊंत सोडियमचे फॉस्फेट आढळले. नऊच. पण त्या नऊंवरून हिशेब केला, तर त्या समुद्रातले फॉस्फरसाचे प्रमाण आपल्या समुद्रांच्या निदान शंभरपट ठरते. आपल्या हाडांत, आपल्या पेशींच्या आनुवंशिक सूत्रात जे द्रव्य अपरिहार्य आहे, ते तेथे विपुल आहे. जीव आहे असे यातून निघत नाही आणि तसे त्यांनी म्हटलेलेही नाही. जीवाला लागणाऱ्या शिध्यातला एक महत्त्वाचा जिन्नस तेथे आहे, इतकेच. विज्ञानातली ही जपून बोलण्याची रीत मला शोधाइतकीच मोलाची वाटते.

या नोंदींचा अर्थ लावण्यासाठी पृथ्वीवर जे करावे लागले, तेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. इतक्या वेगाने बर्फाचे सूक्ष्म कण फेकणे प्रयोगशाळेत अतिशय दुष्कर. म्हणून निर्वात पोकळीत पाण्याची एक केसासारखी धार सोडून तिच्यावर लेसरचा मारा करण्यात आला, पाण्यात एकदा हे मीठ, एकदा ते मीठ मिसळून पाहण्यात आले आणि कोणत्या द्रावणाची नोंद शनीकडून आलेल्या नोंदीशी तंतोतंत जुळते, ते वर्षानुवर्षे ताडून पाहण्यात आले. हस्ताक्षर पटवण्याचेच हे काम.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वडधमला गेलो. सिरोंच्याहून आलापल्लीकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे जीवाश्मांचे उद्यान आहे. वनखात्याने राखलेल्या त्या जागेत वृक्षांचे ओंडके पडले आहेत, आणि लांबून पाहता कोणीही म्हणेल, की कंत्राटदाराने तोडून टाकलेले आणि न्यायचे राहून गेलेले हे लाकूड आहे. साल दिसते, गाठी दिसतात, फांदी जेथून फुटली ती जागा दिसते. जवळ जाऊन हात ठेवला, की तळव्याला थंड दगड लागतो. एका तुकड्याच्या कापावर पाण्याचे दोन थेंब टाकले, तशी एकात एक बसलेली वर्तुळे उजळून निघाली. झाडाचे आयुष्य मोजणारी ती कडी. ज्या झाडाने ती धरली, ते जुरासिक काळात, डेक्कनचा लाव्हा वाहण्याच्या कितीतरी आधी, येथे उभे होते.

लाकडाचा दगड होतो म्हणजे काय होते? झाड पडते, गाळात गाडले जाते, हवेवाचून कुजण्याचे थांबते. गाळातून झिरपणाऱ्या पाण्यात खडकांतून विरघळलेली सिलिका असते. सिलिका म्हणजे वाळूचे, गारेचे मूळ द्रव्य. ते पाणी लाकडाच्या पेशीपेशीत शिरते आणि सिलिका तेथे बसत जाते, इतक्या सावकाश आणि इतक्या निष्ठेने, की पेशींची भिंत गेली तरी तिचा आकार राहतो. पाणी निघून जाते; त्याने आणलेले द्रव्य मागे उरते. आज वडधमला त्या पाण्याचा एक थेंबही नाही, परंतु ते पाणी होते, त्यात सिलिका विरघळलेली होती आणि ती नंतर पाण्यातून बाहेर पडली, याचा पंचनामा त्या ओंडक्यांत कायमचा लिहिलेला आहे.

हे सर्व पाहत असताना मला एन्सेलाडसच्या दुसऱ्या एका शोधाची आठवण होत होती, आणि खरे सांगायचे तर त्या आठवणीनेच मला सिरोंच्यापर्यंत आणले होते. शनीच्या परिसरातून अतिसूक्ष्म कणांचे प्रवाह प्रचंड वेगाने बाहेर फेकले जातात. कॅसिनी शनीपाशी पोहोचण्याआधीच त्यांतले काही त्याला भेटले होते. त्या कणांत सिलिकॉनाची खूण सापडत होती. शॉन शू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रकरण अनेक वर्षे लावून धरले आणि २०१५ साली त्याचा निकाल प्रसिद्ध केला: हे कण शुद्ध सिलिकाचे आहेत, त्यांची त्रिज्या दोन ते आठ नॅनोमीटर आहे, आणि ते एन्सेलाडसच्या समुद्रातून 'ई' कड्यातल्या बर्फात गोवले जाऊन, मग मोकळे होऊन आले आहेत. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटराचा दशलक्षांश भाग.

इतक्या क्षुल्लक आकाराला इतके महत्त्व का? सिलिका गरम पाण्यात अधिक विरघळते, थंड पाण्यात कमी. समुद्राच्या तळाशी तप्त खडकातून पाणी फिरत असेल, तर ते सिलिका उचलते; ते वर येऊन थंड समुद्रात मिसळले, की न मावणारी सिलिका अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने बाहेर पडते. जपानी शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत उल्केसारख्या खडकांवर तप्त, अल्कधर्मी पाणी सोडून पाहिले. तेव्हा असे कण व्हायला निदान नव्वद अंश सेल्सिअस तापमान लागते असे दिसले. आणि ते कण पाण्यात दीर्घकाळ राहिले असते, तर एकमेकांना चिकटून मोठे झाले असते. ते लहानच राहिले, त्याअर्थी तळापासून भेगेपर्यंतचा त्यांचा प्रवास महिन्यांत किंवा थोड्या वर्षांत झाला. सूर्यापासून दीड अब्ज किलोमीटरांवर, बर्फाच्या जाड कवचाखाली, जेथे प्रकाशाचा किरण कधी पोहोचला नाही, तेथे ऊन पाण्याचे झरे आहेत, हे एका वाळूच्या कणाहून लाखपटीने लहान अशा वाळूच्याच कणाने सांगितले. वडधमच्या झाडांना लागलेले पाणी इतके तप्त नव्हते आणि त्याने आपले काम कितीतरी सावकाश केले. दोन्ही प्रसंग एक नव्हेत, हे मला ठाऊक आहे. पण द्रव्य तेच, विरघळणे तेच, मागे राहणे तेच. त्या ओंडक्यावर हात ठेवून मी एका समुद्राच्या तळाचा विचार करू शकलो, तो केवळ कल्पनेच्या बळावर नव्हे.

सिरोंच्याच्या भूमीचे आणि शनीच्या कड्यांचे आणखी एक प्रकरण आहे, ते वयाचे. तालुक्यात प्राणहितेच्या काठी कोटा नावाचे गाव आहे. तेथल्या चुनखडीत सापडलेल्या एका जीवाश्म माशाचे वर्णन कर्नल साइक्स यांच्या टिपणासह १८५१ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले; नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप हेही या थरांच्या मागे त्याच दशकात हिंडत होते. आज जगभरचे भूशास्त्रज्ञ त्या थरांना 'कोटा' याच नावाने ओळखतात. सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वीचे ते सरोवर. त्याच थरांतून नदीपलीकडे पोचमपल्लीला १९५८ पासून बारापासॉरस या महाकाय शाकाहारी डायनासोरची सुमारे तीनशे हाडे निघाली, १९७५ साली त्याचे रवींद्रनाथांच्या स्मरणार्थ 'टागोराय' असे नामकरण झाले, आणि त्याचा सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. योगायोग असा, की हिस्लॉप चांद्याकडचे दगड फोडत होते, त्याच दशकात, १८५७ साली, केंब्रिजच्या एका पारितोषिकासाठी जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी गणिताने दाखवले, की शनीचे कडे सलग घन असूच शकत नाही, ते असंख्य सुट्या कणांचेच असले पाहिजे.

ते कडे, म्हणजे दुर्बिणीत दिसणारे मुख्य कडे, कधीचे? ते जवळजवळ शुद्ध बर्फाचे, आश्चर्य वाटावे इतके स्वच्छ आहे. बाहेरून येणारी काळसर धूळ त्यावर सतत पडत असणार. मग किती धूळ पडते आणि किती साचली आहे, या दोहोंच्या भागाकारातून वय निघावे. ओसरीवर साचलेल्या धुळीवरून घर किती दिवस बंद होते ते सांगावे, तसे. परंतु किती धूळ पडते हे कळायला बाहेरून आलेले कण शनीच्या स्वतःच्या कणांतून निवडून काढायला हवे होते. सास्का केम्फ आणि सहकाऱ्यांनी ते केले: तेरा वर्षांच्या नोंदींतून त्यांना असे अवघे १६३ कण मिळाले. त्यांवरून २०२३ साली त्यांनी निष्कर्ष काढला, की कड्यांचे वय चाळीस कोटी वर्षांहून जास्त नाही. शनी स्वतः साडेचारशे कोटींचा असताना! काही जणांच्या हिशेबाने तर ती दहा-पंधरा कोटी वर्षांचीच, म्हणजे कोट्याच्या माशाने आकाशाकडे पाहिले असते, तर त्याच्या आकाशातला शनी बिनकड्याचा असता. यावर २०२४ च्या डिसेंबरात जपानचे र्‍युकी ह्योदो यांनी हरकत घेतली: इतक्या वेगाने आदळणारी धूळ कड्यावर बसतच नाही, तिची वाफ होऊन ती निसटते, तेव्हा कडे स्वच्छ आहे म्हणून ते तरुण आहे, असे म्हणता येणार नाही. प्रकरण अद्याप न्यायप्रविष्ट आहे. माझा कल मात्र विचाराल, तर ह्योदोंच्या हरकतीत जोर आहे, असे मला वाटते. स्वच्छतेवरून तारुण्य ठरवणे हे माणसांच्या बाबतीतही धोक्याचेच.

आपल्याकडे या विद्येला परंपरा नाही असे नव्हे. जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी २००१ मध्ये आणि पुन्हा २० एप्रिल २००५ रोजी हैदराबादहून बलून सोडून एकेचाळीस किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने गोळा करण्यात आले. दुसऱ्या खेपेचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात आणि हैदराबादेत स्वतंत्रपणे तपासले गेले आणि त्यांत जिवाणूंच्या तीन अपरिचित जाती निघाल्या. त्या पृथ्वीबाहेरूनच आल्या, असा दावा त्यांनी केला नाही. २०२५ च्या मे महिन्यात नारळीकर गेले. आकाशातल्या धुळीकडे मराठी वाचकाला गांभीर्याने पाहायला शिकवणारा माणूस गेला. दरम्यान १ जानेवारी २०२४ रोजी अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने बनवलेले 'डेक्स' नावाचे तीन किलो वजनाचे यंत्र पीएसएलव्हीबरोबर साडेतीनशे किलोमीटर उंचीवर गेले. ग्रहांमधली धूळ आघातावरून ओळखणारे ते पहिले भारतीय यंत्र. कॅसिनीच्या बादलीशी त्याचे कूळ एकच. आणि आमच्याच चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत, २ एप्रिल २०२२ च्या रात्री आकाशातून खरोखरच एक कडे पडले: सुमारे तीन मीटर व्यासाचे, धातूचे, चिनी अग्निबाणाचा अवशेष. ते पोलीस ठाण्यात नेऊन ठेवण्यात आले आणि पुढे इस्रोचे लोक येऊन पाहून गेले. आकाशातून पडलेल्या माणसाच्या वस्तूची आपण इतकी दखल घेतो. वडधमच्या आणि कोट्याच्या दगडांनाही तितकीच दखल, तितकाच पहारा आणि त्यांचा अर्थ सांगणारे एखादे संग्रहालय सिरोंच्यातच मिळावे, असे मला मनापासून वाटते. ज्या गावाच्या नावाने जगात एक भूस्तर ओळखला जातो, त्या गावच्या मुलांनी आपला मासा पाहण्यासाठी दूरदेशी का जावे?

त्या संध्याकाळी मी आजोबांना यातले फार थोडे सांगू शकलो. हात लावून कोणी पाहिले नाही, पण हाताऐवजी एक भांडे पाठवले होते आणि कण त्यात येऊन पडले, एवढे म्हणालो. ते खाली वाकले, वाळू मुठीत घेतली, बोटांतून सोडली आणि म्हणाले, "मग ठीक. कणी बघूनच तांदूळ कळतो." तोवर शनी पैलतीरावरच्या झाडीला टेकला होता.

निघण्याच्या सकाळी तो चुंबकवाला मुलगा घाटावर पुन्हा भेटला. त्याच्या बाटलीतले चिमूटभर काळे कण आम्ही पांढऱ्या कागदावर पसरले. समुद्राच्या तळाचा गाळ उपसून त्यात चुंबक फिरवल्यावर, चॅलेंजर जहाजाच्या सफरीत, एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात, जॉन मरे यांना आकाशातून पडलेले वितळून गोल झालेले कण सापडले होते; आजही दरवर्षी हजारो टन तसली धूळ पृथ्वीवर उतरत असते, नदीतही आणि घराच्या छपरावरही. हे सांगितल्यावर मुलाने भिंग माझ्या हातातून घेतले आणि तो कागदावर ओणवा झाला. दाणे बहुतेक कोनदार होते, नदीने आणलेले, आपल्याच खोऱ्यातले. पुष्कळ वेळाने त्याने नखाने एक वेगळा काढला. तो गोल होता, किंवा गोल वाटत होता. त्याची जबानी घेण्याचे साधन आमच्याजवळ नव्हते. मी वहीचे पान फाडून पुडी केली, कण त्यात ठेवला, आणि मुलाने त्यावर स्वतःच्या अक्षरात लिहिले: सिरोंचा, प्राणहिता, डावा काठ, जानेवारी २०२५.